वहिनी रविवारी कुठे जातात

नाशिक रोड
७ जुलै १९८१

चि. भिकन यास, चांगुणावहिनीचा जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. परवा रविवारी तू विंचूरहून न कळवता आलास, माझ्या दाराला कुलूप पाहिलंस, शेजारच्या धोंडाबाईंकडे कांद्याची पिशवी ठेवलीस आणि परत गेलास. कांदे चांगले निघाले. पण कार्डावर तू एकच ओळ लिहिलीस, "वहिनी रविवारी कुठे जातात?" कार्ड उघडं असतं. त्यामुळे हा प्रश्न पोस्टमनपासून धोंडाबाईंपर्यंत सगळ्यांनी वाचला आहे. मी पाकिटातून उत्तर देते.

देवळाली कॅम्पात जाते. गाणी ऐकायला.

तुझे दादा गेले त्याला तीन वर्षं झाली. ते होते तोवर रेडिओ कधी बंद नसायचा. ते गेल्यावर मी त्याच्यावर कापड टाकलं, ते वर्षभर काढलं नाही. मग एकदा कापड धुवायला काढलं आणि हात आपोआप बटणाकडे गेला. बातम्या नको होत्या, सिनेमाची गाणी नको होती. शॉर्टवेव्हवर काटा सरकवत बसले. खरखर, कुणी अरबी बोलतंय, पुन्हा खरखर. आणि मग एक माणूस इंग्रजीत गाताना सापडला.

मला इंग्रजी येत नाही. मराठी अक्षरंसुद्धा मी वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकले, हे तू पाहिलं आहेस. पण त्या माणसाचा आवाज मला कळला. घसा बसलेला, थोडा नाकातला, कुणाला खूश करायला न निघालेला. मागे एक गिटार आणि सारंगीसारखं एक वाद्य, पण सारंगीहून दांडगं. तुला आठवतं, दादांनी गायनपार्टी का सोडली? पार्टीने सिनेमाच्या चाली घेतल्या, चकचकीत कोट शिवले, तेव्हा ते म्हणाले, "चालू द्या तुमचं. मी घरी म्हणतो." आणि मरेपर्यंत घरीच म्हणत राहिले, आंघोळ करताना, सायकल पुसताना. तसा तो माणूस गात होता. घरी म्हटल्यासारखा.

निवेदक सारखा "कंट्री, कंट्री" म्हणत होता. वाचनालयातल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ते अमेरिकेतल्या गावाकडच्या लोकांचं गाणं." बिटको चौकाजवळ रेडिओ दुरुस्त करणारा बारकू आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, कंट्री म्हटलं की मला देशीचं दुकान आठवतं. पण थांबा. कॅम्पात एक म्हातारा इंजिन ड्रायव्हर आहे. त्याचा टेपरेकॉर्डर मीच दुरुस्त करतो. चालतो का बघायला टेप लावली की हेच, गुरं हाकल्यासारखं."

तर ते विल्फ्रेड साहेब. अँग्लो-इंडियन आहेत. इगतपुरीला इंजिनावर होते, आता कॅम्पात राहतात. त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात असते, ती टेपा पाठवते. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांच्या बायकोला, मेबलबाईंना, वाटलं मी काम मागायला आले. म्हटलं, "काम आहे मला. गाणं ऐकायचंय." म्हातारा आतूनच हसला आणि व्हरांड्यात वेताची खुर्ची टाकली.

त्यांनी मला एक गोष्ट समजावली. तिकडेही दोन प्रकार आहेत. एक कंपन्यांचं गाणं, त्याच्यात इतकी व्हायोलिनं घालतात की गाणाऱ्याचं दुःख साखरेत बुडतं. रेडिओवर बहुतेक तेच लागतं. दुसरं त्या लोकांचं, जे कंपनीशी भांडून बाहेर पडले आणि म्हणाले, आम्ही आमच्या पद्धतीने गाऊ. ते रेडिओवर क्वचित लागतं. मला पहिल्याच दिवशी सापडलं हे नशीब. आता ते ऐकायचं तर विल्फ्रेड साहेबांचा व्हरांडा, दुसरी जागा मला ठाऊक नाही.

आणि रविवार का, तर रविवारी नोटांचा प्रेस बंद असतो. प्रेसच्या माणसांचे डबे बंद म्हणजे माझी चूल बंद. बाकीचे सहा दिवस मी पोळ्या लाटते.

पुढच्या वेळी रविवारीच ये. तुलाही नेते. लताला सांग, तिची मॅट्रिकची पुस्तकं अजून माझ्या फळीवर आहेत.

तुझी वहिनी,
चांगुणा

विंचूर
१९ जुलै १९८१

ती. वहिनी यांस, भिकनचा जयभीम.

पत्र पोचलं. माझा चष्मा मोडलाय म्हणून लताने वाचून दाखवलं, तेव्हा तिलाही सगळं कळलं. ती हसत होती. मला हसू आलं नाही.

वहिनी, मी त्या दिवशी कांदे द्यायला आलो नव्हतो. लताचं लग्न ठरवायचं होतं, तुम्हाला विचारायला आलो होतो. दिंडोरीचे सावळीराम गांगुर्डे, द्राक्षाच्या छाटणीच्या टोळीचे मुकादम, त्यांचा मुलगा गोरक्ष एसटीत कंडक्टर आहे. मुलगा सरळ आहे. त्यांना लता पसंत आहे, लतालाही तो पसंत आहे. लता तुमच्याकडे राहून शिकली, तर तुमचा होकार आधी, असं मी ठरवलं होतं.

पण गेल्या आठवड्यात सावळीराम आले आणि चहा व्हायच्या आधीच म्हणाले, "तुमची भावजय किरिस्ताव झाली म्हणत्यात, खरं काय?"

मी विचारलं, कोण म्हणतं? त्यांच्या नात्यातली बायडाबाई कॅम्पात एका बंगल्यात धुणीभांडी करते. तिने तुम्हाला पाहिलं. रविवारी, साहेबाच्या व्हरांड्यात, डोळे मिटून, मान खाली घालून. आणि आतून "जीझस, जीझस" असा आवाज येत होता. ती खोटं बोलणारी नाही.

वहिनी, आपण धर्म बदलला तो सगळ्या गावाला सांगून, उजेडात. त्याच्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला, विहिरी बंद झाल्या. आता त्याच घरातली थोरली बाई रविवारच्या रविवारी साहेबाच्या घरी बसते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? हेच, की यांना चपला बदलाव्या तसं धर्म बदलायची सवय लागली. मी इथल्या विहाराच्या कमिटीवर आहे. मला रोज कांद्याच्या मार्केटात मापाडी म्हणून चार लोकांत वजनकाट्यावर उभं राहायचं असतं.

मी तुमच्यावर संशय घेत नाही. पण सावळीरामांचे भाऊबंद अडून बसलेत. लग्न होईपर्यंत तेवढं कॅम्पात जाऊ नका. नंतर जा, मी विचारणार नाही. पोरीचं लग्न मोडलं तर तुम्हालाही झोप लागणार नाही.

आपला,
भिकन

नाशिक रोड
२४ जुलै १९८१

चि. भिकन यास, जयभीम.

लतासाठी मुलगा सरळ असेल तर माझा होकार आहे. त्यासाठी आणखी कुणाला विचारायची गरज नाही.

आता बाकीचं. बायडाबाईने जे पाहिलं ते खरं आहे. मी डोळे मिटते, कारण इंग्रजी शब्द कळत नाहीत, तेव्हा डोळे उघडे ठेवून काय बघू? जीझसचं नावही काही गाण्यांत येतं, ती त्या लोकांची गाणी आहेत. आमच्या गल्लीत रोज सकाळी हरिपाठ ऐकू येतो, म्हणून मी माळ घातली का? विल्फ्रेड साहेब नि मेबलबाई सकाळी चर्चला जाऊन येतात. मी जेवण करून तिसऱ्या प्रहरी जाते. त्यांनी मला आजवर चर्चला चल म्हटलेलं नाही. एकदा मेबलबाईंनी केक दिला. तो मी खाल्ला. तो धर्म असेल तर झाला माझा तेवढा बाटवाबाटवीचा कार्यक्रम.

तू म्हणतोस, लग्नापर्यंत थांबा. भिकन, नीट विचार कर. मी थांबले तर लोक काय म्हणतील? बाई चर्चला जात होती, दिरानं कान धरला म्हणून बंद झाली. म्हणजे जे घडलंच नाही ते मी कबूल केल्यासारखं होईल. गेले तर फक्त संशय. थांबले तर पुरावा.

छप्पन साली आपल्या घरातले देव मी माझ्या हाताने उचलले. तू बारा वर्षांचा होतास, देवघराच्या रिकाम्या कोनाड्यात गोट्या ठेवायचास. तेव्हा सासूबाई तीन दिवस जेवल्या नाहीत. त्या जेव्हा म्हणाल्या, "चांगुणा, आजच्या दिवस राहू दे गं," तेव्हा मी राहू दिलं नाही. आपल्याला पटलेली गोष्ट उघड करायची, हे मी त्या दिवशी शिकले. आणि तू आता मला गाणं लपवायला सांगतोस?

आणि अजून एक, जे मी कुणाला सांगत नाही. दादा गेल्यापासून मला रडू येत नाही. माणसं म्हणतात, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, आत घट्ट बसलं आहे सगळं. त्या व्हरांड्यात एक गाणं आहे. खाणीतल्या मजुराची बायको सकाळी डबा भरून देते आणि संध्याकाळी नुसता डबा घरी येतो. ती तो घासते, पुसते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते. विल्फ्रेड साहेबांनी मला त्यांच्या रेल्वेच्या हिंदीत अर्थ सांगितला. त्या दिवशी मी रडले. मेबलबाईंनी पंखा मोठा केला. दादांचा डबा मीही बरेच दिवस भरत होते. धोंडाबाईंनाही ठाऊक नाही.

मी थांबणार नाही.

वहिनी

दिंडोरी
८ सप्टेंबर १९८१

श्रीमती चांगुणाबाई केदारे यांस, सावळीराम गांगुर्डे यांचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आपली गाठ पडली नाही तरी पत्र लिहितो, राग नसावा. तुमचे दीर भिकनराव यांनी सांगितलं की तुम्ही देवळालीचं रविवारचं जाणं कायमचं बंद केलं, आणि जे झालं ते चुकून झालं असं म्हणालात. ऐकून बरं वाटलं. चूक कबूल करायला मन मोठं लागतं. आमच्या भाऊबंदांचं समाधान झालं आहे. आता पुढची बोलणी करू. छाटणीचा हंगाम तोंडावर आला, तो उरकला की लग्न धरू.

लता गुणी आहे. ती तुमच्या हाताखाली वाढली हे दिसतं.

आपला,
सावळीराम गांगुर्डे

नाशिक रोड
१२ सप्टेंबर १९८१

श्री. सावळीरामभाऊ यांस, चांगुणा केदारे हिचा जयभीम.

तुमचं पत्र चांगल्या मनाने लिहिलेलं आहे, म्हणून तुम्हाला खोट्यावर ठेवणं मला बरं वाटत नाही.

मी जाणं बंद केलेलं नाही. गेल्या रविवारी गेले होते. उद्याही जाणार आहे. माझ्याकडून चूक झाली असं मी कुणाला म्हटलेलं नाही, कारण झालेली नाही. भिकन तुमच्याशी खोटं बोलला. तो पोरीसाठी बोलला, एवढं ध्यानात घ्या. वजनाच्या काट्यावर उभा राहणारा माणूस आहे, खोटं बोलायची त्याला सवय नाही. म्हणून ते इतकं वाईट जमलं.

मी ख्रिस्ती झालेली नाही. पण हे तुम्ही माझ्या शब्दावर मानू नका. बायडाबाईच्या शब्दावर मानलंत, माझ्या शब्दावर कशाला मानता? स्वतः येऊन बघा. कॅम्पात एसटीतून उतरलात की कुणालाही विचारा, इंजिनवाले विल्फ्रेड साहेब. रविवारी तीन वाजता. चहा मिळतो.

चांगुणा केदारे

विंचूर
१८ सप्टेंबर १९८१

वहिनी,

सावळीरामांनी तुमचं पत्र मला वाचून दाखवलं. माझ्याच ओसरीत, माझ्या बायकोसमोर, लतासमोर. मी खोटा पडलो.

आईच्या माघारी तुम्ही मला वाढवलंत म्हणून मी आजवर तुमच्या शब्दापुढे बोललो नाही. आज बोलतो. तुम्ही पोरीच्या ताटात माती कालवली. एका गाण्यासाठी. जे तुम्हाला कळतसुद्धा नाही.

सावळीराम उठले. टोपी घातली आणि निघून गेले. बोलणी थांबली आहेत.

लता कुणाशी बोलत नाही. तुमच्यावर रागावली आहे की माझ्यावर, ते तिला विचारायची हिंमत मला नाही.

भिकन

नाशिक रोड
२९ सप्टेंबर १९८१

चि. भिकन यास, जयभीम.

तू "जयभीम" न लिहिता पत्र सुरू केलंस, ते मी पाहिलं. तू मला खूप बोललास. बोलायचा तुझा हक्क आहे. लताचं ताट माझंही आहे, हे मात्र विसरू नकोस. त्या रात्री मीही जेवले नाही.

परवा रविवारी सावळीरामभाऊ आले. एकटेच. धोतर, कोट, पांढरी टोपी, हातात छत्री. फाटकाबाहेर चपला काढल्या. मेबलबाई म्हणाल्या, "पहनो, पहनो," पण त्यांनी ऐकलं नाही. व्हरांड्यात आले तेव्हा टेप चालू होती. हे थबकले. टोपी काढून हातात घेतली, पाय जोडले, मान खाली घातली आणि उभे राहिले. त्यांना वाटलं प्रार्थना चालू आहे. परक्याच्या देवाचा अपमान होऊ नये म्हणून उभे राहिले. चांगला माणूस आहे, भिकन.

पाहुणा उभा आहे म्हटल्यावर विल्फ्रेड साहेब उठले. ते उठले म्हणून मेबलबाई उठल्या. मग मी कशी बसू? आम्ही चौघं गाणं संपेपर्यंत ताठ उभे. गाणं लांबलचक होतं.

संपल्यावर सावळीरामभाऊंनी हळूच विचारलं, "झाली का प्रार्थना?"

विल्फ्रेड साहेब म्हणाले, "प्रार्थना? अरे बाबा, ये तो दारूवाला है. बीवी भाग गयी, बैठ के रोता है."

सावळीरामभाऊंनी हातातल्या टोपीकडे पाहिलं. "म्हंजी मी दारुड्यासाठी टोपी काढली?"

मेबलबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग हेही हसले. टोपी घातली, खुर्चीत बसले, चपला मात्र बाहेरच राहिल्या. तीन-चार गाणी ऐकली, प्रत्येकाचा अर्थ विचारला. डब्याचं गाणं झाल्यावर म्हणाले, "त्या बाईला पुढं कुणी बघितलं का?"

विल्फ्रेड साहेब म्हणाले, "नहीं. गाना खतम."

"मग असलं गाणं कशाला करत्यात?"

मी म्हटलं, "कुणी बघितलं नाही, म्हणूनच."

त्यावर त्यांनी नुसता चहा घेतला. निघताना फाटकाशी मला म्हणाले, "खरं सांगू का बाई? मला नाय आवडलं. सर्दी झाल्यावानी नाकातून गातो. आमच्या टोळीतल्या बाया याच्यापरीस लय बरं गात्यात. पण यात देवाधर्माचं काय नाय, हे मी बघितलं. माझी खात्री झाली. भाऊबंदांची व्हायची हाय. तर तेवढं लग्नापत्तुर..."

मी म्हटलं, "नाही."

"दोन-तीन महिन्यांचा प्रश्न हाय."

"एका रविवारचासुद्धा नाही. लग्न मोडायचं असेल तर मोडा. पण मोडताना लताच्या तोंडावर कारण सांगा, की तुझी काकी गाणी ऐकते म्हणून आम्हाला तू नको. एवढं तिच्या डोळ्यांत बघून सांगता आलं तर माझी तक्रार नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तुमी लय अवघड बाई हाय. पोरगी पण अशीच हाय का?"

"मीच शिकवली."

"मग इचार करावा लागंल," असं म्हणून चपला घालून निघून गेले. तो विचार कुठल्या बाजूचा, ते मला कळलं नाही. तुला कळलं तर कळव.

वहिनी

विंचूर
२२ नोव्हेंबर १९८१

ती. वहिनी यांस, भिकनचा सप्रेम जयभीम.

मधे पत्र लिहिलं नाही.

लग्न ठरलं. छाटणी उरकल्यावर सावळीराम आले आणि भाऊबंदांसकट बसून बोलणी पक्की करून गेले. तारीख वीस डिसेंबर, आपल्या दारात, विंचूरला. रविवार आहे. आपल्यात मुहूर्त बघायचा नसतो, तेव्हा सुट्टीचा वार सोयीचा, असं सावळीराम सगळ्यांसमोर म्हणाले. पण मला बाजूला घेऊन सांगितलं, "भिकनराव, त्या दिवशी चांगुणाबाई दिवसभर तुमच्या मांडवात दिसतील. रविवारी. माझ्या भाऊबंदांना एवढं दिसलं की पुरे, तोंडं आपोआप बंद होतील. बाईंना काही कबूल करायला नको, आपल्याला काही बोलायला नको."

वहिनी, माणूस किती शहाणा आहे बघा. तुम्हाला काहीच सोडायला सांगत नाही. फक्त लग्नाला या, शेवटपर्यंत थांबा, आणि काही बोलू नका. एवढं माझ्यासाठी करा. गेल्या पत्रात तुम्हाला बोललो त्याचं मला वाईट वाटतं.

भिकन

नाशिक रोड
२७ नोव्हेंबर १९८१

चि. भिकन यास, जयभीम. हे मुद्दाम कार्डावर लिहिते, ज्याला वाचायचं त्याने वाचावं. लग्नाला येणार, आदल्या दिवशीच येणार, पुरणाचं मी बघते. सावळीरामभाऊ शहाणे आहेत यात शंका नाही. लग्न सकाळी दहाला लावा. दुपारची नाशिकची एसटी मला धरायची आहे. काही न बोलण्याचं मी कबूल केलेलं नाही. लताला आशीर्वाद. वहिनी.

विंचूर
२३ डिसेंबर १९८१

ती. वहिनी यांस, भिकनचा जयभीम.

तुम्ही गेल्यावर इथे काय झालं ते तुम्हाला कळायला पाहिजे, म्हणून लिहितो.

त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले, लोक पानावर बसायच्या बेतात होते. मी कमिटीच्या अध्यक्षांना दोन शब्द बोलायला माइक देत होतो, तो तुम्ही मधेच घेतला. मला वाटलं आशीर्वाद देताय. तुम्ही काय म्हणालात ते सगळं विंचूर आता पाठ म्हणतंय. "मी लताची काकी. जेवण करून मी देवळाली कॅम्पात विल्फ्रेड साहेबांकडे गाणी ऐकायला चालले आहे. मी दर रविवारी जाते. कुणाला काही विचारायचं असेल तर माझ्या पाठीमागे विचारू नका. एसटीला वेळ आहे. आता विचारा."

मांडवात पातेल्यांचासुद्धा आवाज थांबला. मला वाटलं जमीन दुभंगावी.

आणि ती बायडाबाई उठली. "मग गाण्यात जीझस कशाला म्हणत्यात?" तुम्ही तिला म्हणालात, "बायडाबाई, तुला ठेच लागली की तू काय म्हणतेस?" ती म्हणाली, "आई गं, म्हणते." "म्हणून तू कुणाच्या आईची पूजा मांडतेस का? त्यांना ठेच लागली की ते तसं म्हणतात." बायका हसल्या. पुरुष आधी हसले नाहीत. मग सावळीराम हसले, तेव्हा त्यांचे भाऊबंद हसले. तरी दोघंजण न जेवता उठून गेले. ते अजून आमच्याशी बोलत नाहीत.

एवढ्यावर झालं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण तुम्ही पिशवी उचलून निघालात आणि नवरी तुमच्या मागे. हार गळ्यात, हळदीचे हात, पायात चपला नाहीत, एसटी स्टँडवर. नवरी मांडव सोडून रस्त्यावर! आणि नवरदेव तिच्या मागे. कंडक्टर पडला तो, गाडी स्टँडवर न थांबता पुढे जाईल म्हणून मुंडावळ्या उडवत रस्त्याच्या मधोमध उभा राहून एसटीला हात केला. ड्रायव्हर त्याच्याच डेपोचा. त्याने हॉर्न वाजवला, पॅसेंजर खिडकीतून बघतायत. माझी बायको तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, कळलं नाही.

पाठवणीला थोरली बाई नाही. लोकांनी विचारलं. मी काय सांगायचं?

आणि लता तुमच्याशी खिडकीतून काय बोलली? तिने मला सांगितलं नाही.

भिकन

नाशिक रोड
२८ डिसेंबर १९८१

चि. भिकन यास, जयभीम.

पाठवणीला मी नव्हते, हे माझ्याकडून कमी पडलं. ते मी मान्य करते. मी थांबले असते तर मला आवडलं असतं. पण मी गप्प राहून थांबले असते तर ते उठून गेलेले दोघं जेवले असते, आणि मग दर रविवारी माझ्या दारासमोरून जाताना कुणीतरी म्हटलं असतं, बघा, सुधारली. लोकांनी विचारलं तर सांग, थोरली बाई गाणी ऐकायला गेली. तुला माइक लागणार नाही. माझं सांगून झालं आहे.

नाशिकला गाडी बदलायला वेळ गेला. व्हरांड्यात पोचले तेव्हा दिवा लावायची वेळ झाली होती. मेबलबाईंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. लताने हळदीचा हात लावला होता, तो पुसायचा राहिला होता. त्यांनी विचारलं, "शादी?" मी म्हटलं, "मुलीची." त्यांनी मुलगी की पुतणी ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. विल्फ्रेड साहेबांनी टेप लावली. त्या दिवशीही मी रडले, पण आत जे घट्ट बसलं होतं ते आता थोडं हललेलं आहे, असं मला वाटतं. दादा असते तर त्यांनी त्या गाण्याला नावं ठेवली असती. चाल उचलली असती मात्र नक्की.

आता लताचं. ती तुला सांगणार नाही, आणि मी लपवत नाही, म्हणून लिहिते.

ती खिडकीचा गज धरून उभी होती. म्हणाली, "काकी, तुला भीती नाही वाटली, माइक घेताना?" मी म्हटलं, "पाय कापत होते. साडीत दिसत नाहीत." मग गाडी सुरू झाली आणि ती गाडीबरोबर चालायला लागली. म्हणाली, "दिंडोरीला मला कधी कुठे जावंसं वाटलं, त्यांना न पटणाऱ्या ठिकाणी, तर?"

मी म्हटलं, "तर जा."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

गाडीचा आवाज वाढला होता. मला ओरडावं लागलं. सगळ्या पॅसेंजरांनी ऐकलं, तुझ्या जावयानेही ऐकलं, आणि तो हसला, म्हणजे मुलगा खरंच सरळ आहे.

मी म्हटलं, "तरी जा. पण सांगून जा."

तुझी वहिनी,
चांगुणा